मराठीतील असाधारण व्यक्तिनामे

मराठी समाजात रूढ असलेल्या देवनामांपेक्षा व गुणवाचक नामांपेक्षा अर्थाने, रूपाने किंवा लांबीने वेगळी ठरणारी नावे मराठीतील असाधारण व्यक्तिनामे म्हणून ओळखता येतात. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी, नकुशी, चिंधी ही अर्थाने वेगळी नावे होत. बिरुदे, पदव्या व वडिलांचे नाव जोडून होणारी दीर्घ नावे लांबीने वेगळी ठरतात. यांपैकी बहुतेक नावे आईवडिलांच्या लहरीतून आलेली नाहीत. बालमृत्यूचे भय, नवस, पंचांग, जातीची उतरंड आणि मुलगा-मुलगी यांतील भेद ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एकवचन-अनेकवचनाच्या फरकाने अर्थ पालटणारा हा वाक्प्रचार पुढील काही नावांना अक्षरशः लागू पडतो, कारण त्यांच्यात नामकरण व दोषदर्शन एकाच वेळी घडले आहे.

अक्षरांचे नियम

बाराव्या दिवशी बारसे करून आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. नाव किती अक्षरांचे असावे याचे नियम मात्र त्याहून जुने आहेत. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव सम अक्षरांचे आणि मुलीचे विषम अक्षरांचे असावे. मुलाला प्रतिष्ठा हवी असल्यास दोन अक्षरी आणि ब्रह्मतेज हवे असल्यास चार अक्षरी नाव ठेवावे, असेही तेथे सांगितले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथात नामकरण संस्काराची सविस्तर चर्चा केली आहे. मराठी घरांनी हा नियम कधी काटेकोरपणे पाळलेला दिसत नाही. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव. ते तीन अक्षरी, म्हणजे मुलाच्या नावासाठी विषम आहे. त्यांच्या वडिलांचे गंगाधर हे नाव चार अक्षरी असल्याने नियमात बसते. मुलींच्या नावांत यमुना नियमाप्रमाणे आहे, तर लक्ष्मी व सरस्वती नाहीत.

पंचांगातील अवकहडा चक्राची अडचण वेगळी आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ आद्याक्षरे ठरवून दिलेली असून जन्मनाव त्या अक्षरावरून ठेवायचे असते. आर्द्रेच्या चरणांत 'ङ', हस्ताच्या चरणांत 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या चरणांत 'ञ' हे अक्षर येते. या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत उपलब्ध नाही, त्यामुळे जवळचे दुसरे अक्षर घेऊन वाट काढली जाते. अशा कारणांनी अनेकांचे एक जन्मनाव पत्रिकेत, दुसरे व्यवहारात आणि तिसरे घरातल्यांच्या तोंडी असते. पत्रिकेतले नाव पुष्कळदा लग्न जुळवतानाच बाहेर निघते.

मृत्यूला चकवणारी नावे

ज्या घरात एकापाठोपाठ एक मुले दगावत, तेथे नंतरच्या मुलाला हेतुपुरस्सर हीन, कुरूप किंवा निर्जीव वस्तूचे नाव दिले जाई. या मुलाची आईवडिलांना किंमत नाही असे वाटल्याने दृष्ट, सटवी किंवा मृत्यू त्याच्याकडे वळणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. धोंडू, धोंडी, धोंडो, दगडू, दगडोबा, केरू, केरोबा, कचरू, उकर्डा, भिकू, भिकाजी ही नावे या वर्गातील आहेत. केरू नावाचा संबंध झाडून टाकलेल्या केराशी आणि उकर्डा नावाचा उकिरड्याशी लावला जातो. भिकू किंवा भिकाजी म्हणजे देवाकडून अथवा लोकांकडून भीक मागून मिळवलेला. काही ठिकाणी अशा मुलाचे नाक टोचून त्यात मुलीप्रमाणे नथ घालत, म्हणजे मुलगा मुलगी म्हणून खपून जाईल. नथू, नथोबा ही नावे त्या रूढीतून आली. या रूढीचे गृहीतक स्पष्ट आहे: मृत्यूसुद्धा मुलगाच शोधत येतो, मुलगी न्यावी असे त्यालाही वाटत नाही.

'धोंडो' या नावाची दुसरीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. अधिक महिन्याला मराठीत धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडो किंवा धोंडू म्हणण्याची चाल होती. त्यामुळे केवळ नावावरून घरात आधी मुले गेली होती असा निष्कर्ष काढता येत नाही. धुंडिराज हे नाव मात्र यांपासून सर्वस्वी वेगळे आहे. ते गणपतीचे नाव असून चित्रपटकार दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके असे होते. ऐकण्यातील साम्यामुळे या दोहोंची गल्लत होते.

या वर्गातील नावे पुढे थोर व्यक्तींशी जोडली जाऊन त्यांचा मूळ अर्थ पुसला गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे (जन्म १८५८) यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्यांचे नाव उच्चारताना आज कोणाच्या मनात दगड येत नाही. गणिती व ज्योतिर्विद केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांचे मूळ नाव विनायक असूनही ते केरूनाना म्हणूनच प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सुप्रसिद्ध गणपतीलाही दगडूशेठ हलवाई यांचे नाव लागले आहे. मंगल देवाच्या नावाआधी अमंगल मानलेले माणसाचे नाव रोज लाखो लोक घेतात, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही.

नकोशी नावे

मुलींच्या बाबतीत हाच प्रकार दिसतो, पण त्याचा अर्थ उलटा होतो. मुलाला धोंडू म्हणणारे घर खोटे बोलत असते. त्या घराला मुलगा अत्यंत हवा असतो आणि तो टिकावा म्हणूनच ते त्याला नकोसा म्हणते. मुलीला नकुशी, नकुसा किंवा नकोशी म्हणणारे घर खरे बोलत असते. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिला हे नाव दिले जाई आणि त्यामुळे पुढचे अपत्य मुलगा होईल अशी समजूत असे. पहिल्या नावात मृत्यूला फसवण्याची युक्ती आहे, दुसऱ्यात देवाला दिलेली तक्रार आहे. या दोन्ही प्रकारांना 'अंधश्रद्धेची नावे' असे एकच लेबल लावण्याने हा भेद झाकला जातो.

सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या मुलींचा शोध घेऊन त्यांना नवे नाव देण्याची मोहीम २०११ मध्ये राबवण्यात आली. त्या वर्षी २२ ऑक्टोबर रोजी झालेल्या जाहीर समारंभात २८५ मुलींना नवीन नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. अनेक मुलींनी आपले नाव स्वतः निवडले. काहींनी चित्रपट अभिनेत्रींची नावे घेतली, तर काहींनी चांगल्या अर्थाची जुनी नावे. बारशाला ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांना या निमित्ताने आपल्या नावाविषयी पहिल्यांदा विचारण्यात आले. नाव बदलल्याने घरातील वागणूक बदलतेच असे नाही, हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही वर्गात हजेरी घेताना दररोज 'नकोशी' असे हाक मारून उभे केले जाणे थांबले, ही लहान गोष्ट नव्हे.

याच जातीचे एक टोपणनाव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. अनाथांच्या माता म्हणून ओळखल्या गेलेल्या सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांचा जन्म वर्धा जिल्ह्यात झाला. लहानपणी त्यांना 'चिंधी' म्हणत. चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. घरात मुलगी नको होती म्हणून हे नाव पडले, असे त्या स्वतः आपल्या भाषणांतून सांगत. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

नकुशीच्या विरुद्ध टोकाला आवडाबाई, नवसाबाई, नवशी ही नावे आहेत. मुली मागून घेतल्याची, नवसाने मिळाल्याची ही नावे संख्येने कमी असली तरी अस्तित्वात आहेत. त्यामुळे जुन्या महाराष्ट्रात मुलगी सर्वत्र नकोशीच होती, असे सरसकट विधान करता येत नाही.

लादलेले नाव व टाकलेले नाव

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णांनुसार नावांचा प्रकार सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस निर्माण करणारे असावे, असे ते वचन आहे. यामुळे दगडू किंवा कचरू या एकाच नावाच्या दोन कुळकथा संभवतात. उच्चवर्णीय घरातील धोंडो हा रक्षणासाठी निवडलेला अपवाद असतो. ते घर पुढच्या मुलाला विष्णू किंवा नारायण म्हणते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत मात्र हीन नाव ही चालत आलेली रीत होती आणि तिला गावाची अपेक्षाही चिकटलेली होती. तेथे चांगले नाव ठेवणे हाच उद्धटपणा मानला जाई.

या प्रश्नाला मराठी साहित्यात सर्वांत थेटपणे भिडणारे पुस्तक दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) हे आहे. लेखकाचे पाळण्यातले नाव दगडू मारुती पवार. या आत्मकथनात दगडू आपली कहाणी दया पवार याला सांगतो, अशी रचना आहे. एकाच माणसाची ही दोन नावे एकमेकांसमोर बसतात: गावाने हाक मारलेले नाव आणि शिकून कमावलेले नाव. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा ही नावे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मोठ्या संख्येने आली. एका पिढीच्या आत इतक्या व्यापक प्रमाणावर नामसृष्टी बदलल्याचे दुसरे उदाहरण मराठी समाजात सापडणे कठीण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा प्रवासही या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे आणि आडनाव सकपाळ. कोकणात गावाच्या नावाला '-कर' जोडून आडनाव करण्याची पद्धत असल्याने आंबडवेकर असे नाव झाले आणि शाळेत ते आंबेडकर म्हणून रूढ झाले. साताऱ्याच्या शाळेतील ७ नोव्हेंबर १९०० च्या प्रवेशनोंदीत 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव आहे. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भिवा, भीमराव आणि बाबासाहेब या तीन संबोधनांपैकी पहिले घरचे, दुसरे कागदाचे आणि तिसरे लोकांनी दिलेले आहे. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये शासकीय नोंदींत 'भीमराव रामजी आंबेडकर' असे पूर्ण नाव लिहिण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मधल्या 'रामजी'वरून देशभर वाद झाला. मधले नाव वडिलांचे असते, ही मराठी माणसाला सहज वाटणारी गोष्ट मराठी मुलुखाबाहेर राजकीय ठरली.

नवस, वार आणि पीर

देवाच्या किंवा साधूच्या कृपेने झालेल्या मुलाला त्याचेच नाव देण्याची रीत सर्व धर्मांत आहे. मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला व त्यावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरागत कथा आहे. फकीरा, पिराजी, मस्तान ही हिंदू घरांतील नावे त्याच वळणाची आहेत. फकीरा हे नाव अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीने (१९५९) घरोघरी पोहोचवले. अण्णा भाऊंचे स्वतःचे पाळण्यातले नाव तुकाराम होते.

ठाणे, पालघर व रायगड या भागांतील आदिवासी समाजांत जन्मवारावरून सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे आढळतात. विख्यात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या नावातील 'सोमा' हे वडिलांचे नाव त्या प्रकारचे आहे.

नावाची लांबी

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही त्रिपदी रचना मराठी नावाची ओळख आहे. तिन्ही पदे पूर्ण उच्चारल्यास नाव सहज बारा-तेरा अक्षरांचे होते. 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' या नावात बारा अक्षरे आहेत. त्यात 'राव', 'पंत', 'शास्त्री', 'बुवा' यांची भर पडते आणि समोर 'महामहोपाध्याय', 'तर्कतीर्थ', 'स्वातंत्र्यवीर' यांसारखी बिरुदे लागतात. मराठीने या लांबीवर आद्याक्षरांचा उपाय शोधला. ही आद्याक्षरे इंग्रजीप्रमाणे एका वर्णाची नसतात, तर स्वर, अनुस्वार व जोडाक्षर यांसह पहिले अक्षर जसेच्या तसे घेतले जाते: पु. ल. देशपांडे, चिं. वि. जोशी, त्र्यं. शं. शेजवलकर, चिं. त्र्यं. खानोलकर, श्री. व्यं. केतकर. 'त्र्यं.' हे संक्षिप्त रूप लिहायला मूळ 'त्र्यंबक'च्या निम्म्याहून अधिक जागा घेते, तरी मराठी छापखान्यांनी ते कधी सोडले नाही.

लांब नावाचा दुसरा उतारा घरचे नाव हा होय. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी झाला. केशव हे नाव मागे पडून 'बाळ' हे लाडाचे नावच जगाच्या इतिहासात गेले. वाडवडिलांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेने न घेण्याची रीत, या दोन्ही एकाच घरात पाळल्या की आईला स्वतःच्या मुलाला नावाने हाक मारणे अशक्य होई. बाळ, बापू, तात्या, अण्णा, नाना ही नावे मुबलक होण्याचे हे एक कारण आहे. रत्नागिरीच्या बोलीत तर आडनावही आखडते आणि त्याचे आदरार्थी रूप सहज एकवचनी होते. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधील रत्नागिरीचा अंतू बर्वा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

रत्नागिरीत वास्तव्य केलेल्या व्यक्तींपैकी सर्वांत लांब नाव बहुधा ब्रह्मदेशाचे अखेरचे राजे थिबा यांचे असावे. ब्रिटिशांनी पदच्युत केल्यावर १८८६ मध्ये त्यांना रत्नागिरीत आणून ठेवले व १९१६ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांचे पाली राजबिरुद 'सिरिपवर विजयानंत यस तिलोकाधिपति पंडित महाधम्मराजाधिराज' असे होते. ब्रह्मी लोकांत आडनाव नसते, म्हणून बिरुद गेल्यावर मागे काहीच जोडायला उरत नाही. रत्नागिरीकरांनी त्यांना दोन अक्षरांत ओळखले आणि त्यांचा १९१० मध्ये बांधून झालेला वाडा आजही थिबा पॅलेस याच नावाने ओळखला जातो.

लेखकांची टोपणनावे लांबीच्या दोन्ही टोकांना जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून 'केशवसुत' हे नाव घेतले. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी 'बी' या एकाच अक्षरावर काम भागवले. वि. वा. शिरवाडकर यांचे मूळ नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले, म्हणजे स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही पदे बदलली. पुढे बहीण कुसुम हिचा थोरला भाऊ म्हणून त्यांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले. वडिलांऐवजी धाकट्या बहिणीवरून स्वतःची ओळख सांगणारे हे नाव त्या काळात असाधारणच म्हटले पाहिजे.

विवाहानंतरचे नाव

लग्नात तांदळावर नवीन नाव लिहून वधूचे माहेरचे नाव संपवण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. आडनाव तर बदलेच, पण पहिले नावही बदलत असे. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या गोदूबाई जोशी या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. त्यानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि लोकांत बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचे आत्मचरित्र 'माझे पुराण' या नावाने प्रसिद्ध आहे. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीतून उखाण्यांचा वाङ्मयप्रकार उभा राहिला, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

आडनावे

आडनावे व्यक्तिगत निवडीची नसल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे, दहातोंडे, बारटक्के, सहस्रबुद्धे ही संख्यादर्शक आडनावे, पडवळ, दोडके, भोपळे, मुळे ही भाजीपाल्याची आणि कोल्हे, लांडगे, घोरपडे, ढेकणे ही प्राण्यांची व कीटकांची आडनावे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. ती धारण करणाऱ्यांना मात्र त्यांत काही विशेष वाटत नाही. कोकणी मुसलमानांतही परकार, मुकादम, दलवाई यांसारखी आडनावे आहेत. समाजसुधारक हमीद दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे.

जपानमधील साम्य

हीन नावाने मुलाचे रक्षण करण्याची कल्पना मराठी समाजापुरती मर्यादित नाही. जपानचा सोळाव्या शतकातील सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने उतारवयात झालेल्या आपल्या मुलाचे बालनाम 'सुते' असे ठेवले होते. त्याचा अर्थ टाकून दिलेला. तो मुलगा लहानपणीच वारला. त्यानंतर १५९३ मध्ये जन्मलेल्या हिदेयोरी या मुलाचे बालनाम 'हिरोई', म्हणजे उचलून घेतलेला, असे होते. केरू आणि भिकाजी यांचे हे नेमके जपानी भावंड म्हणता येईल. पुढे मुले नकोत या अर्थाने 'तोमे' (थांब) हे नावही जपानात धाकट्या मुलींना दिले जात असे. त्याचे नाते नकुशीशी आहे.

लांब नावांची थट्टा करणारी 'जुगेमु' ही गोष्ट जपानी कथाकथनात प्रसिद्ध आहे. मुलाला दीर्घायुष्य लाभावे म्हणून बाप पुरोहिताने सुचवलेले सर्व शुभ शब्द एकत्र करून त्याचे नाव ठेवतो. त्याच्याकडून मार खाल्लेला मुलगा तक्रार करायला येतो, तेव्हा ते नाव पुन्हा पुन्हा पूर्ण उच्चारेपर्यंत डोक्याचे टेंगूळ उतरून जाते. जुन्या पाठात मुलगा पाण्यात पडतो आणि नाव सांगण्यात वेळ गेल्याने बुडतो. १९९३ मध्ये तोक्योजवळच्या अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचे नाव 'अकुमा' (सैतान) ठेवण्याचा हट्ट धरला. नगर कार्यालयाने हरकत घेतली, प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले आणि अखेर दुसरे नाव ठेवण्यात आले. चित्रलिपीतील नावांचे मनमानी उच्चार वाढल्यामुळे तेथील कुटुंबनोंदणी कायद्यात सुधारणा झाली असून २६ मे २०२५ पासून नावाचा उच्चारही नोंदवावा लागतो.

कागदोपत्री नाव

भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद नावाशिवायही करता येते. मुलाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून दाखल करता येते. प्रौढपणी नाव बदलायचे असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात तशी जाहिरात प्रसिद्ध करावी लागते. व्यवहारात शाळेच्या नोंदवहीतील नावच पुढील सर्व कागदपत्रांचा आधार ठरते. म्हणून हीन अर्थाचे नाव बदलायचे असेल तर ते शाळकरी वयात बदलणे सोपे जाते.

परदेशी जाणाऱ्यांना नावाची रचनाही अडवू शकते. पारपत्रावर केवळ एकपदी नाव असलेल्या प्रवाशांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली. कोकणातील असंख्य कुटुंबांचे आखाती देशांशी नाते असल्याने हा नियम रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत लक्षपूर्वक वाचला गेला.

मराठी नावाच्या रचनेतील सर्वांत अलीकडचा बदल महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी मान्य केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राहील. तोवर अर्जाच्या स्वतंत्र रकान्यात लिहिले जाणारे आईचे नाव यामुळे मूळ नावातच आले आणि मराठी नाव तीन पदांवरून चार पदांवर गेले. ज्या आईचे स्वतःचे नाव नकुशी किंवा चिंधी आहे, तिचे ते नाव आता मुलांच्याही दाखल्यावर उमटणार आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली रचना कायम ठेवण्यात आली आहे.